शेवट सांगून टाकणारी बंडी

सिनेमा यायच्या आधीच ट्रेलरमध्ये सगळी गोष्ट सांगून टाकतात म्हणून आज लोक कुरकुरतात. मला हसू येतं. हे दुखणं आम्ही पन्नासच्या दशकातच भोगलंय, आणि तेही बैलबंडीवर.

आमचं गाव वडस्याच्या अलीकडचं, जंगलाला खेटून. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायची, पाहुणे यायचे आणि दिवेलागणीला गावातल्याच माणसांचं नाटक व्हायचं. गावात पेट्रोमॅक्स एकच. तिचं रॉकेल संपलं की नाटक संपायचं, मग नायक मेलेला असो की नसो. त्या दिवशी दुपारी एक जण टिनाचा भोंगा घेऊन बंडीत उभा राहायचा आणि गावभर पुकारा करायचा. त्याला सगळे भोंगेवाले भाऊ म्हणत. माणूस लाख चांगला, पण विचारलेलं सांगितल्याशिवाय त्याला राहवत नसे. दारातल्या बाया म्हणायच्या, "भाऊ, भूत खरं हाय का खोटं? लेकराईले आनाव का नाई?" की बंडी थांबलीच. "बिनधास्त आना बाई. भूत नाई, दिवाणजी हाय थो. घोंगडी पांघरते अन् मालकाचा गळा दाबते. शेवटी सापडते." झालं. महिनाभराची तालीम मातीत.

तशी ती नाटकंही धड नसत, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. भुताच्या तोंडाला खडू आणि पायांत साऱ्या गावाच्या ओळखीच्या वहाणा. भूत आलं की पेटी किंचाळायची, मागे कोणी तरी टिनाचा पत्रा बडवायचा, म्हणजे आता भ्यायचं हे लोकांना कळावं. पहाटे मोहफुलं वेचायला जाताना ज्या बाया वाघाचा ताजा माग ओलांडून जातात, त्या खडू फासलेल्या माणसाला कशाला भितील? त्या पदर तोंडाला लावून हसत. माझी आई तर पदरही लावत नसे.

आणि माझं सगळं नेमकं तिच्यावर अडलेलं. वडस्याच्या एका नाटक कंपनीनं मला हंगामाला बोलावलं होतं. मंडईच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या बंड्या आमच्या गावावरून जाणार होत्या. जाता आलं नाही तर मामाच्या भातगिरणीत कोंडा भरत बसायचं, हे ठरलेलं. वडिलांनी हात वर केले, म्हणाले, आईला विचार. आई म्हणाली, "लोकाईले भेव दाखवून राह्यलो म्हनता अन् आमाले हासू येते. मले एकदा भेववून दाखव. मंग जाय."

त्या वर्षीचं भुताचं नाटक मी स्वतः लिहिलं. खुनी कोण, हे शेवटच्या प्रवेशापर्यंत कोणाच्या बापाला कळणार नाही अशी बांधणी केली. भोंगेवाल्या भाऊंना देवळासमोर उभं करून शपथ घातली. मंडईच्या दुपारी बंडी आमच्या दारात आली. आई उंबऱ्यात बसून तांदूळ पाखडत होती. तिनं विचारलं, "काय जी भाऊ, यंदा खुनी कोन हाय?"

भाऊंनी इकडंतिकडं पाहिलं, भोंगा खाली केला. "सांगू नोको म्हनलं हाय तुह्या पोरानं. धाकटा दीर हाय, बाई."

मी अंगणातच उभा होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊंना मी नको नको ते बोललो. ते बिचारे एवढंच म्हणाले, "तुही माय इचारते, तं खोटं कसा बोलू?" आई हसत होती. "दीर काय," ती म्हणाली, "थे सोंग घेनारा पोट्टा तं कोंबडी कापाले भेते..." आणि मध्येच थांबली. नाल्याकडच्या झाडांवर वानर खेकसलं होतं, वाघ दिसला की खेकसतं तसं. खॅक, खॅक. सूप तिच्या हातात तसंच राहिलं. तिची नजर शेळ्यांवरून फिरली, मग अंगणातल्या पोरांवरून. दोन-चार क्षणांत पुन्हा पाखरं बोलू लागली, तशी ती पाखडायला लागली. कुत्रं वगैरे असेल, म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. भीती इथं होती आणि मी ती खडूत शोधत होतो.

संध्याकाळी पेटीवाल्याला सांगितलं, तिसऱ्या प्रवेशात पेटीला हात लावायचा नाही. पत्रा मी लपवून ठेवला. पुढचं कोणाला काही सांगितलं नाही, सांगितलं असतं तर भोंग्यावरून गेलंच असतं. रंगमंच गावाबाहेरच्या पडीत, पाठ जंगलाकडं. प्रवेशात वहिनी एकटी धान पाखडत बसलेली. आता खडूवालं भूत येणार म्हणून लोक हसायच्या तयारीत. मी पडद्यामागच्या अंधारात गेलो, तोंडाशी ओंजळ केली आणि खेकसलो. शेळ्या राखताना शिकलेला आवाज, अगदी तंतोतंत. वहिनी झालेल्या गड्याच्या हातातलं सूप थांबलं. नाटकात ते नव्हतं. मी पुन्हा खेकसलो, मग गप्प राहिलो.

कोणी हसलं नाही. आधी म्हातारे उठले. मग कोणी तरी पेट्रोमॅक्सच उचलली, कोणी काठ्या घेतल्या, कोणी डबे बडवायला लागलं. बायांनी पोरं मध्ये घेतली. खडू फासलेलं भूत कुऱ्हाड घेऊन त्यांच्यापुढं राखणीला उभं राहिलं. वाघ हाकलायला सगळं गाव नाल्याकडं निघालं आणि माझं नाटक अंधारात राहिलं.

तेवढ्यात पडदा फाटल्याचा आवाज झाला. आई होती. तिच्या हातात काठी नव्हती, दिवा नव्हता. "कुठी हायेस रे? बोल ना, कुठी हायेस?" म्हणत ती अंधारात चाचपत आली. माझा दंड सापडला तशी तिनं तो दोन्ही हातांनी धरला. तिचे हात लटलट कापत होते. माझी ओंजळ अजून तोंडाशीच होती, ती तिच्या हाताला लागली. तिला कळलं. तिनं माझ्या कानाखाली अशी वाजवली की डबे ऐकू येईनात. मग मला छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

नाटक पुन्हा उभं राहिलं नाही. शेवट राहिला म्हणून कोणी कुरकुर केली नाही, कारण तो भाऊंनी दुपारीच सांगितलेला. लोक चर्चा करत घरी गेले.

रात्री जिंकलो म्हणायची माझी हिंमत नव्हती, तिच्या हातांचं कापणं अजून माझ्या दंडावर होतं. सकाळी उठलो तर माझं गाठोडं बांधून दाराशी ठेवलेलं. आई चुलीपाशी पाठमोरी बसली होती.

"भेली मी," ती म्हणाली. "जाय."