तेरडा आणि तोंडातलं पाणी

रखमाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. आधी गिरणीतल्या वाइंडिंग खात्यासाठी, गिरणी बंद पडल्यावर खाणावळीच्या चपात्यांसाठी. त्याच गिरणीत मी, तिचा चाळीतला शेजारी, कापडाच्या गाठी उचलायचो. कोण किती काम करतं ते मला बघून कळतं. रखमा पूर्ण करायची. जो करत नसे, त्याला तोंडावर सांगायची. घोडपदेवला आमच्या चाळीचा टॉवर झाला, तरी सगळे तिच्या तोंडाला घाबरूनच.

टॉवरमागे भिंतीलगत दर श्रावणात तेरडा उगवतो. कोणी लावत नाही. त्याचीच गौर रखमा घरी नेते. रीत तिच्या गावची. नळावर चूळ भरायची, आपल्या हाताने रोप मुळासकट उपटायचं आणि गौर घरात बसेपर्यंत ते पाणी तोंडात धरायचं. बोललं किंवा सांडलं, की पुन्हा पहिल्यापासून.

लहानपणी गावी तिचं एकदा सांडलं होतं. मैत्रीण लक्ष्मी मागून चालत होती. दोघींत वाचनाचं एकच पुस्तक. त्यातला कोल्ह्याचा धडा लक्ष्मीने मास्तरांसारखा नाकात म्हटला. रखमा हसली. आईने पाठीत धपाटा घालून तिला विहिरीवर परत धाडलं. त्या धड्याच्या पानात दोघींनी तेरड्याचं फूल दाबून ठेवलं होतं. तिसरी झाल्यावर रखमाला मुंबईला आणलं, पुस्तक लक्ष्मीकडे राहिलं. तेरडा दिसला की तिला हे आठवतं, आणि आठवलं की ती चिडते.

या वर्षी सेक्रेटरी हितेंद्रला टॉवरमागे भिंतीलगत पेव्हर ब्लॉक हवे होते. तो विकत फ्लॅट घेऊन आलेला, चाळीतला नव्हे.

"गौरी जाऊ देत, मग काय ते कर," रखमाने बजावलं.

"काकी, तण आहे ते. दादरला जुडी मिळते."

"मग तू घे जा."

गौरी आणायच्या सकाळी ती चूळ भरून मागे गेली. मी ताट घेऊन बरोबर. दोन मजूर तेरडा उपटून टेम्पोत फेकत होते.

"काकी, आजच उरकून टाकतो. चालेल ना?" हितेंद्र म्हणाला.

रखमा गप्प. पाणी टाकलं असतं, तर परत नळावर जाऊन येईस्तोवर एक रोप उरलं नसतं.

"बघा, काकी बोलल्या नाहीत. म्हणजे पटलं," तो मला म्हणाला.

मी त्याला रीत सांगितली नाही. भांडण तिचं होतं.

मजुराचा हात बाजूला सारून तिने कोपऱ्यातली शेवटची तीन रोपं उपटली. लिफ्ट सिमेंटच्या गोण्यांनी अडवलेली. नऊ मजले ती नाकाने श्वास घेत चढली. सहाव्यावर बियांचं एक बोंड तिच्या मुठीत फटकन फुटलं. गाल हलले. मला वाटलं, सांडलं. सांडलं नाही.

गौर बसली. मोरीत पाणी टाकून रखमा खाली उतरली आणि पंधरा मिनिटं हितेंद्रशी बोलली. एकही शिवी दोनदा नाही. ब्लॉक तरीही बसलेच.

दसऱ्यानंतर तिने त्याच मजुरांकडून भिंतीलगतची ओळ उखडून घेतली. त्यांनी एक कोपरा तसाच सोडला, तोही काढायला लावला. हितेंद्र धावत आला.

"काकी, परवानगी कोणाची?"

"तुझीच. गप्प राहा, म्हणजे पटलं."

मुठीतल्या बोंडाचं जपून ठेवलेलं बी तिने स्वतः पेरलं. चपात्यांच्या कमाईतून इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही घेतलं नव्हतं. त्यातून आता दोन मजुरांची पूर्ण दिवसाची मजुरी भागली आणि टेम्पोभर लाल माती आली.