डावीकडचा लांडगा

सुरतच्या लिंबायतमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून छगन राहतो. तो मूळचा अमळनेरकडचा असून तरुणपणापासून सुरतेत पावरलूमवर कारीगर आहे. प्रौढ वर्गात अक्षरे शिकल्यावर एखाद्या शेजाऱ्याविषयी लिहावे असे मला वाटले, तेव्हा त्याचेच नाव मनात आले. यंदा त्याला जी भीती वाटली ती मी जवळून पाहिली आहे.

त्याचे शेठ शहराबाहेर सचिन नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत वेगवान यंत्रे बसवणार होते. ज्याची नजर चपळ त्यालाच तेथे घेऊ, बाकीच्यांनी आपली सोय पाहावी, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. नेमक्या त्याच काळात छगनच्या हातून चुका होऊ लागल्या. सुताची तुटलेली तार त्याला वेळेवर दिसत नसे आणि ताका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, खराब निघे. एकदा चालू पट्ट्याने त्याची डावी बाही ओढली. बाही फाटली, हात वाचला. तेव्हापासून त्याला यंत्राजवळ जायची भीती वाटे. हे त्याने फक्त आपल्या पत्नीला, रंजनाला, सांगितले आणि रंजनाने मला.

त्याचा भाचा चेतन मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. त्याने दोन्ही हातांत धरून खेळायचा एक गेम मामाला आणून दिला.

"मामा, आ रमो ने, खेळा हे थोडे दिवस! डोळे आणि बोटं अशी पळतील की शेठ बघत राहील."

"माझं वय काय आणि तू देतो काय! तुझी मामी हसेल."

"मामी तसंही हसतेच तुम्हाला."

त्यानंतर कामावरून आल्यावर छगन ओट्यावर गेम घेऊन बसू लागला. मी शेजारी भाजी निवडत असे. तो मला प्रत्येक खेळाविषयी आपले मत गंभीरपणे सांगे, जणू त्याला कोणी परीक्षक नेमले होते.

"मावशी, हे पाणी बघा. बोट लावलं तर ओलं होईल असं वाटतं. आम्ही मार्केटजवळ नाणं टाकून खेळायचो, तेव्हा नुसते ठिपके होते. पण ते गेम सरळ होते. शत्रू समोरून यायचा."

"आणि आताचे?"

"आताचे लबाड. हा गाड्यांचा गेम झकास पळतो, पण बाजूची गाडी हॉर्न न देता घुसते. अगदी आपल्या लिंबायतची रिक्षा!"

आम्ही दोघे हसलो. जंगलाच्या खेळाविषयी बोलताना मात्र तो हसत नसे. त्या खेळात एक वाटसरू कंदील घेऊन चालतो आणि त्याच्यामागे लांडगे लागतात. "हा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात वाईट," तो म्हणे. "पानं सळसळतात ती खरी वाटतात. पण लांडगा हवेतून निघतो. या लोकांनी युक्तीच अशी केली आहे, मारणारा दाखवायचाच नाही." असे म्हणून तो घाम पुसे आणि पुन्हा खेळे. हा खेळ जमला तर आपण सचिनच्या यंत्रांवरही टिकू, असे त्याने मनाशी धरले होते. रोज हरल्यामुळे त्याची भीती रोज वाढत होती.

एका सुट्टीच्या दिवशी चेतन आला आणि चिडवू लागला. "मामा, लांडगा काय हवेत राहतो? तुम्ही खेळता की झोपता?"

छगन संतापला. "माझ्याजवळ बसून बघ. डावीकडे कोणीच नाही. आहे का कोणी?"

चेतन पाहू लागला आणि त्याचे हसू विरले. रंजना चहा घेऊन आली होती. तिने वाकून पडद्यावर बोट ठेवले आणि भीतीने ती आपल्या अहिराणीतच बोलली.

"आठेच ते उभा से! पहिलेपासून उभा से. तुमले दखास नही का?"

छगनने तिचे बोट पाहण्यासाठी मान पूर्ण वळवली. मग त्याला लांडगा दिसला. त्याने मान सरळ केली, पुन्हा वळवली, पुन्हा सरळ केली. चहा कोणीच घेतला नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी नजरेच्या कडांची तपासणी सांगितली. रंजनाने आग्रह केला म्हणून मीही सोबत गेले. वाटेत चेतन मामाच्या कानाशी लागला, "दिसो न दिसो, बटण ठोकत राहा. पास व्हाल." छगन त्याला रागावला नाही, याचे मला वाईट वाटले.

तपासणीच्या खोलीत एक पांढरे, खोलगट यंत्र होते. हर्षदा नावाच्या मुलीने छगनची हनुवटी त्यावर टेकवली, हातात बटण दिले आणि सांगितले, "समोरच्या ठिपक्याकडेच बघायचं. बाजूला कुठेही दिवा चमकला की दाबायचं."

टक, टक, टक. छगनचा अंगठा एका लयीत चालू लागला. दाराशी उभ्या असलेल्या रंजनाचा चेहरा उजळला. परंतु हर्षदाने यंत्र थांबवले.

"काका, मी दिवा दाखवत नाही तेव्हाही तुम्ही दाबता. मशीनला कळतं. आ परीक्षा नथी."

"परीक्षाच आहे, बेन. यावर माझं काम आहे."

"पण काका, खोटं दाबलं तर डॉक्टर कशावर इलाज करणार? गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते तरी वाचवू द्या."

छगनने फाटून शिवलेली बाही सारखी केली आणि हनुवटी पुन्हा टेकवली.

या वेळी टक असा आवाज आला, मग आणखी एक. त्यानंतर काहीच नाही. रंजनाने माझा दंड घट्ट धरला आणि हळूच विचारले, "मशीन बंद झालं का?"

"चालू आहे," हर्षदा म्हणाली. "दिवे येत आहेत."

छगनचा अंगठा बटणावर होता, पण तो हलत नव्हता. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

"येत असतील तर लिहून घ्या, बेन," तो यंत्रातूनच म्हणाला. "मला दिसत नाहीत."

तपासणी संपल्यावर तो उठला आणि दार शोधू लागला. रंजना त्याला दिसेल अशी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली.