कोच, आता पुरे!

आमच्या बेलफोर्डात लग्नाची तारीख पाद्री ठरवत नाही, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचं वेळापत्रक ठरवतं. माझी बहीण लुएला होलिस कल्पेपरशी लग्नाला उभी राहिली, तीसुद्धा ऑक्टोबरातल्या अशा शनिवारी, ज्या शनिवारी खेचरांना सुट्टी होती. खेचरं म्हणजे आमचा संघ. दुसरीकडे ही शिवी असेल, आमच्याकडे ते बिरुद आहे. माझी आई नवऱ्यामुलाला शोधत होती आणि नवरामुलगा चर्चच्या मागे पाद्र्यालाच पकडून विचारत होता, "तुम्हीच सांगा, चेंडू हातात धरून पळायचं की लांब फेकायचा?" पाद्री म्हणाला, "फेकायचा." त्या दिवसापासून होलिसचा देवावर पक्का विश्वास बसला.

होलिस गॅसचा ट्रक चालवतो. मळ्यामळ्यात जाऊन घरामागच्या टाक्या भरतो. टाकी भरेपर्यंत त्याला काम नसतं, तोंडाला मात्र असतं. अख्ख्या तालुक्यात असं एक अंगण नसेल, जिथे उभं राहून त्याने आमच्या कोचची सालटी काढली नाहीत. अंगणं कमी पडली की सोमवारी संध्याकाळी तो रेडिओवरच्या खेळाच्या कार्यक्रमाला फोन लावायचा. "होलिस, बेलफोर्डहून," एवढं ऐकू आलं की माझ्या पार्लरमधल्या बायका ड्रायरखालून डोकी बाहेर काढायच्या.

कोच वेंडेल स्ट्रिकलंड. या माणसाने आम्हाला एके काळी विजेतेपद मिळवून दिलं होतं, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण मी त्याच्या बाजूची. पण पुढे उतरती कळा लागली. स्ट्रिकलंड जुन्या वळणाचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, तर हा चारही वेळा चेंडू मधूनच घुसवणार. "अहो, समोरच्या संघाच्या पाणीवाल्यालाही ठाऊक असतं, चेंडू कुठून येणार ते!" होलिस रेडिओवर ओरडायचा. "नऊ वर्षं झाली. कोच, आता पुरे!" आणि फोन आपटायचा. तीन वर्षं दर सोमवारी शेवट हाच.

यंदा ऑगस्टमध्ये गंमत झाली. होलिसची मुलगी रेलिन, तिचा नवरा डेविट इथेतिथे लहान कॉलेजांत कोचिंग करत फिरत होता. त्याला स्ट्रिकलंडने बोलावून घेतलं. पुढच्या फळीतली जी धिप्पाड पोरं असतात, छातीने वाट काढून देणारी, त्यांचा कोच म्हणून. एवढी वर्षं नाताळला फोटोत दिसणारी नात, चार वर्षांची जोसी, रोज संध्याकाळी होलिसच्या मांडीवर बसू लागली. ट्रक दारात लागला की "पॉपॉ!" म्हणून धावत सुटायची. होलिसला आभाळ ठेंगणं झालं.

तुम्हाला वाटेल, आता तरी हा माणूस रेडिओ बंद करेल. छे! "जावई जावयाच्या जागी, तत्त्व तत्त्वाच्या जागी," म्हणाला. मी म्हटलं, "होलिस, अरे, कोच गेला की त्याची माणसंही जातात. नवा आपली घेऊन येतो."

"चांगल्या माणसाला कुणी काढत नाही, व्हॉन्डा. डेविट राहील. तू आपली केस काप."

मोसम निम्मा जिंकून, निम्मा हरून संपला. पण निम्मे जिंकले तरी बोलचं आमंत्रण येतंच. बोल म्हणजे मोसमाच्या शेवटचा मानाचा सामना, परक्या गावात, नाताळ सरता सरता. आम्हाला अलाबामातल्या शेंगदाणा बोलचं आमंत्रण आलं. दुसऱ्या कुणाचं तोंड वाकडं झालं असतं, बेलफोर्डला मात्र उधाण आलं. शाळेत, बँकेत, चर्चमध्ये, जिथे दोन माणसं भेटली तिथे तीन मतं. कॉलेजच्या खेळप्रमुखांनी जाहीर केलं होतं की स्ट्रिकलंडचं पुढे काय ते बोलनंतर ठरवू. मग काय, आगीत तेल.

अशा वेळी आमच्याकडे वैतागलेले लोक एक गोष्ट करतात. वर्गणी काढून विमान भाड्याने घेतात. लहानसं, शेपटीला लांबच लांब फलक बांधलेलं. सामन्याआधी ते मैदानावर घिरट्या घालतं, आणि जे बोलायचं ते कोचच्या डोक्यावर बोलतं. होलिसने आणि त्याच्या जिवलग मित्राने, हार्डवेअरच्या दुकानवाल्या गार्लंड मीक्सने, नोव्हेंबरातच ते ठरवून टाकलं होतं. मजकूर कुणाचा असणार? होलिसचाच. "कोच, आता पुरे!"

नाताळच्या जेवणाला रेलिन हरखून सांगू लागली. चर्चमागच्या गल्लीतलं पिवळं घर विकायला निघालंय, अंगणात पेकनचं झाड आहे, जोसीला शाळा चालत जाण्यासारखी. "कोच स्ट्रिकलंड राहिले तर घेऊनच टाकू. ते गेले तर मात्र डेविटला कुठून बोलावणं येईल देव जाणे. पार तिकडे लांब वायोमिंगमध्ये कुणी ओळखीचं आहे त्याच्या." होलिसने काट्यावरचा हॅमचा तुकडा तसाच खाली ठेवला. मी त्याच्याकडे बघत होते. जी गोष्ट मी ऑगस्टपासून सांगत होते, ती त्याला त्या क्षणी कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वारी गार्लंडच्या दुकानात. मीही बिजागऱ्या घ्यायला तिथेच होते, म्हणून हे पदरचं सांगत नाही.

"गार्लंड, ते विमान रद्द कर."

"काय झालं? इंजिन पडलं?"

"इंजिन नाही. विचार बदलला माझा."

गार्लंडने हातोडी काउंटरवर ठेवली. "तीन वर्षं माझे कान किटवलेस तू. मी मूळचा स्ट्रिकलंडचा माणूस. तू मला फोडलास! आणि आता विचार बदलला?"

"माणूस तितका वाईट नाहीये रे तो."

"सहा सामने हरला!"

"सहा जिंकलाही."

"ऐका! व्हॉन्डा, ऐकतेस ना? होलिस कल्पेपर जिंकलेले सामने मोजतोय!" मग त्याने डोळे बारीक केले. "पिवळ्या घराचं माझ्याही कानावर आलंय. म्हणजे तुझी नात गल्लीत खेळावी म्हणून मी आणखी पाच वर्षं चेंडू मधून घुसवताना बघू?"

"तुला नातवंडं असती तर..."

"मला नातवंडं नाहीत, मला फक्त खेचरं आहेत!" गार्लंड म्हणाला. आणि हे खरंच होतं. वैमानिकाचा फोन नंबर गार्लंडकडेच होता. त्याने तो दिला नाही.

सामन्याच्या दिवशी कोवळं ऊन पडलं होतं. स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये सकाळपासून आमचे तंबू लागले, डुकराचं मांस रात्रभर मंद धुरात शिजून नुसतं बोट लावलं तरी सुटत होतं. उकडलेल्या शेंगा, मसाला भरलेली अंडी, बर्फ घातलेला गोड चहा. आणि सगळीकडे तेच भांडण, पण असं रंगात आलेलं की विचारू नका.

"पुढच्या वर्षी फेकणारा कोच आणा, बघा आभाळ कसं चेंडूंनी भरतं ते!"

"आभाळातून चेंडू समोरच्याच्या हातात पडतात, राजा!"

"तुझ्या बापालाही चेंडू झेलता यायचा नाही!"

"माझ्या बापाने तुझ्या बापाला चिखलात लोळवलं होतं, विचार घरी!"

असं म्हणत एकमेकांच्या पानात मांस वाढत होते. एरवी या सगळ्याच्या मधोमध होलिस असायचा, एक पाय बर्फाच्या पेटीवर ठेवून. त्या दिवशी तो तंबूच्या कडेला उभा राहून आभाळाकडे बघत होता. "ढग येतील असं वाटतं का गं?" त्याने मला दोनदा विचारलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

रेलिन जोसीला घेऊन आली, बटाट्याचं सॅलड मांडू लागली, आणि तेवढ्यात घरघर ऐकू आली. अख्खं पार्किंग वर बघायला लागलं. अर्धे टाळ्या पिटायला लागले, अर्धे हुर्यो उडवायला. जोसी होलिसच्या खांद्यावर चढून नाचायला लागली. "विमान! विमान! पॉपॉ, शेपटीवर काय लिहिलंय?"

"लिहिलंय... सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा."

रेलिनने हातातला चमचा खाली ठेवला. "डॅडी, पोरीशी खोटं कशाला बोलता? वाक्य तुमचंच आहे. दर सोमवारी ऐकते मी. डेविटही ऐकतो. भांडी घासत घासत ऐकतो आणि काही बोलत नाही."

"रेलिन, मी रद्द करायला गेलो होतो गं."

"कधी?"

"परवा."

"पिवळ्या घराचं ऐकल्यावर," ती म्हणाली. तिने जोसीला त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतलं आणि कोचांच्या कुटुंबांसाठी राखलेल्या जागांकडे निघून गेली. लुएलानेही नवऱ्याकडे बघितलं नाही. मला त्याची फार दया आली, आणि तेवढाच रागही.

नियमाप्रमाणे सामन्याच्या तासभर आधी विमान निघून गेलं. पण सामना! अंगावर आजही काटा येतो. आम्ही पुढे, ते पुढे, आम्ही पुढे, ते पुढे. शेवटच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी मागे, चेंडू त्यांच्या रेषेपासून एका यार्डावर, आणि आमचा शेवटचा, चौथा प्रयत्न. सगळं स्टेडियम उभं. गार्लंड दोन्ही हातांनी डोकं धरून ओरडत होता, "फेक! देवाची शपथ आहे तुला, फेक!"

आणि माझ्या शेजारी होलिस कल्पेपर बाकावर चढला. ज्या खेळीला त्याने तीन वर्षं शिव्या घातल्या, त्याच खेळीसाठी त्याचा गळा फुटायची वेळ आली. "मधून! मधून घुसवा! डेविटची पोरं आहेत ती, वाट काढतील! मधून!"

स्ट्रिकलंडने मधूनच घुसवला. डेविटची पोरं समोरच्यांना रेटत अशी गेली, जशी बंद पडलेली गाडी चारचौघं मिळून ढकलतात. चेंडू रेषेपार! सहा गुण, सामना आमचा! मी कुणाला मिठी मारली मला माहीत नाही, कुणाचा तरी गोड चहा माझ्या पाठीवरून वाहत होता. गार्लंड रडत होता. होलिस बाकावरून खाली पडला आणि पडल्या पडल्याच आरोळ्या ठोकत होता. "आता कोण काढतो त्याला! काढून दाखवा म्हणावं!"

मग मैदानात स्ट्रिकलंडच्या हातात माइक आला, आणि भोंग्यांवरून त्याचा आवाज सगळीकडे घुमला. पोरांचे आभार मानले त्याने. मग हसला. "सकाळी पार्किंगवरून एक विमान गेलं. बायको म्हणाली, बघ, आभाळाचंही तेच मत आहे. ज्याने पाठवलं त्याच्यावर माझा राग नाही. आम्ही दोघांनी नोव्हेंबरातच ठरवलं होतं. हा माझा शेवटचा सामना. आता पुरे."

स्टेडियम त्याच्यासाठी असं गरजलं की विजेतेपदाच्या वर्षीही गरजलं नसेल. होलिस तेवढा उभा राहिला नाही. तीन वर्षं जे मागितलं, ते त्याच्या पदरात पडलं होतं.

तंबूपाशी परतलो, तर डेविट धावतच आला, घामाने निथळत. त्याने थेट होलिसला उचललं. "पाहिलंत, मिस्टर होलिस? एक यार्ड! माझ्या पोरांनी काढला! तुमचा आवाज खाली ऐकू आला मला!"

"डेविट, तुझी नोकरी..."

"आमच्या धंद्यात असंच असतं, सर. बोलावतील तिथे जायचं." तो हसला खरा, पण रेलिनने मान दुसरीकडे वळवली. जोसीला यातलं काही कळत नव्हतं. तिने आजोबाच्या मांडीवर आपली जागा घेतली आणि शेंगा सोलायला त्याच्या हातात दिल्या.

एवढ्यात पार्किंगमध्ये नवं भांडण पेटलंही होतं. स्ट्रिकलंडची जागा अजून थंड झाली नव्हती, आणि कुणी टेक्सासचा कोच आणत होतं, कुणी जॉर्जियाचा. फेकणारा हवा, पळवणारा हवा, तरुण हवा, मुरलेला हवा. आवाज चढले, टोप्या उडाल्या. कशाचाच निकाल लागेना, तेव्हा गार्लंडच पेटीवर चढून ओरडला, "गप्प बसा रे! होलिसला विचारा! होलिस, बोल, कोण हवा आपल्याला?"

आजूबाजूचे सगळे तंबू वळले. सवयीने सगळ्यांनी कान टवकारले. होलिसने हातातली शेंग सोलली, दाणे जोसीच्या तळहातावर ठेवले आणि मान वर केली.

"फेकणारा आणा, पळवणारा आणा, कुणीही आणा," तो म्हणाला. "पुढच्या फळीचा कोच तेवढा ठेवून घेईल, असा आणा."

गार्लंड पेटीवरून खाली उतरला आणि त्याच्या शेजारी येऊन बसला.