पाळकांचं थांबलेलं पेन

बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभेत आमच्या चर्चचे पाळक प्रत्येकाला कशासाठी प्रार्थना करायची ते विचारतात आणि वहीत लिहून घेतात. कुणाचा रक्तदाब असतो, कुणाच्या मुलाची नोकरी. काल शांताबाईंची पाळी आली. त्या कितीतरी वर्षं मुलांना संडे स्कूलमध्ये शिकवत आल्या आहेत. मांडीवरचं बायबल मिटून त्या म्हणाल्या, "मला माझी सून आवडत नाही. तिचं काही चुकत नाही, तरीही. माझ्यासाठी प्रार्थना करा."

पाळकांचं पेन थांबलं. आम्ही सगळे सतरंजीकडे बघत राहिलो. शरीराची दुखणी आम्ही किती मोकळेपणाने सांगतो. मन मात्र रविवारच्या कपड्यांसारखं इस्त्री करूनच आणतो.

पुढची पाळी माझी होती. सख्ख्या भावाशी मी दोन वर्षं बोललेलो नाही.

"गुडघा दुखतोय," मी म्हणालो.

माझ्या गुडघ्यासाठी सगळ्यांत आधी शांताबाईंनी डोळे मिटले.