राखणदाराचा वाटा

कांदिवलीच्या आमच्या घरी आम्ही मित्र नवनवीन बिअर, वाइन चाखायला बसतो. एकदा एकाने मालवणहून आलेले आपले एक शेजारी सोबत आणले. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. जांभळाच्या वाइनचा ग्लास घेऊन ते आधी बाल्कनीत गेले आणि चार थेंब मनी प्लांटच्या कुंडीत सोडले.

"आधी गावच्या राखणदाराक, मगे आपण," गाव राखणाऱ्या देवाचा वाटा देऊन ते म्हणाले आणि डोळे मिटून चवीने प्यायले.

मग मी कौतुकाने माझी महागडी, कडू क्राफ्ट बिअर दिली. पुन्हा चार थेंब कुंडीत, मग एक घोट. जरा थांबून त्यांनी अख्खा ग्लासच कुंडीत ओतला.

"ही त्याकाच जास्त आवाडतली."

खरं तर मलाही ती कधी आवडली नव्हती. माझा ग्लास घेऊन मीही बाल्कनीत गेलो.