हरकत असेल त्यानं उभं राहावं

चर्चचा पहिला ढोल वाजला तेव्हा केझिया अर्पणाच्या कोंबडीचे पाय बांधत होती. दुसऱ्या ढोलाला घरातून निघायचं, हे बुसोगा प्रांतातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आज तिचं ढोलाकडे लक्षच नव्हतं.

एरिसाशी तिचा तीस वर्षांचा संसार. मुलं झाली, नातवंडं झाली, फक्त चर्चमध्ये लग्न लागायचं राहिलं. चर्चचं लग्न म्हणजे अख्ख्या गावाला जेवण, आणि एरिसाचं आपलं "पुढच्या सुगीला बघू." लग्न नाही म्हणून प्रभुभोजनाचा भाकरीचा तुकडा नाही, द्राक्षारसाचा घोटही नाही. बाकीच्या बाया वेदीपुढे गुडघे टेकायला गेल्या की केझिया बाकावर त्यांच्या पिशव्या सांभाळत बसायची. त्या द्राक्षारसाची चव कशी असेल, हा प्रश्न तिला कधी सोडून गेला नाही. थोरल्या लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "खोकल्याच्या औषधासारखी, आई." केझियाला ते पटलं नाही. खोकल्याच्या औषधासाठी कुणी इतकं नटून जातं का?

यंदा एरिसा एकदाचा तयार झाला होता. लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावं वाचायची आणि पाळकांनी विचारायचं, हरकत असेल त्यानं उभं राहावं. दोन रविवार कुणी हललं नाही. मग या बुधवारी हापशावर नणंद पेरुसीनं सगळ्या बायांदेखत सांगून टाकलं, "रविवारी बघाच. गुडघे दुखतात माझे, तरी उभी राहीन."

हरकत आली की प्रकरण बिशपकडे. म्हणजे पुन्हा एरिसाची पुढची सुगी. केझियाला धास्ती बसली, आणि त्या धास्तीशेजारीच कुतूहलही येऊन बसलं.

"काय बोलतील हो वन्सं?" तिनं एरिसाला विचारलं.

"ती जन्मापासून हरकत घेतेय," भुईमुगाच्या शेंगा फोडत एरिसा म्हणाला.

मागच्या दोन खोल्यांत राहणारी हेलनही आज बरोबर होती. इंग्लंडहून नर्सिंगच्या मुलींना शिकवायला आलेली. तिकडे ती चर्चला जात नसे. केझियानं फारच धोशा लावला म्हणून निघाली.

"तुमच्याकडूनच तर हे चर्च आमच्याकडे आलं," वाटेत केझिया मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. "आणि तुम्हीच जात नाही?"

"आमच्या आजीच्या गावातल्या चर्चमध्ये आता लोक राहतात. घरं काढलीत त्यात."

"अगं बाई! मग वेदीच्या जागी काय आहे?"

"स्वयंपाकघर असावं."

केझिया बराच वेळ त्या स्वयंपाकघरात अडकून पडली. मग भानावर येऊन म्हणाली, "हे बघ. सूचना संपल्या की पाळक आपल्या बाकाकडे बघतील. म्हणजे पाहुण्यांनी ओळख सांगायची. उठायचं आणि आमच्या भाषेत पाठ केलंस ते म्हणायचं."

दर रविवारी तसंच होई. आधी पाहुणे, मग लग्नाची नावं. पण त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की खाली तोफ उडाली तरी ऐकू यायचं नाही. म्हणून पाळक बालिकोवांनी घाईनं नावंच आधी घेतली. "कुणाची हरकत असेल त्यानं उभं राहावं," म्हणाले आणि त्यांनी पेरुसीकडे पाहिलं. हापशावरचं बोलणं त्यांच्याही कानावर गेलं होतं. पेरुसी बसली होती हेलनच्या बरोबर मागं.

हेलन उठली.

"मी हेलन," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "मी एरिसाच्या घरात राहते. मी तिथं फार आनंदात आहे."

मग पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "एरिसा! म्हणून तीस वर्षं लागली होय रे!"

हशा असा फुटला की बाकाखालची कोंबडीसुद्धा कलकलली. एरिसानं गाण्याच्या पुस्तकात तोंड खुपसलं. पाळकांनी हसू आवरत इंग्रजीत विचारलं, "बाई, आपली हरकत आहे का?" हेलन लालबुंद होऊन "नाही, नाही" करत खाली बसली.

केझियानं मात्र मागं पाहिलं होतं. पेरुसी अर्धी उठलेली, हात पुढच्या बाकावर. तिनं हसणाऱ्या बायांकडे पाहिलं, झगा सारखा केल्यासारखं केलं आणि बसली.

"आणखी कुणी?" पाळकांनी विचारलं. कुणी नव्हतं. तेवढ्यात पत्र्यावर पाऊस कोसळला.

उपासना संपल्यावर ओसरीत अर्पणाच्या रताळ्यांचा, कोंबड्यांचा लिलाव सुरू झाला. केझिया तिकडे न जाता नणंदेपाशी जाऊन उभी राहिली. "वन्सं, उठला होतात ना?"

"पाय आखडला होता."

"काय बोलणार होतात? सांगा ना. मला घास गोड लागायचा नाही."

पेरुसी पावसाकडे बघत म्हणाली, "तुझ्या माहेरी मागणी घालायला जाताना नवऱ्याच्या थोरल्या बहिणीनं पुढं चालायचं असतं. मी ओली बाळंतीण. माझ्यासाठी आठ दिवस थांबले नाहीत. चुलतबहिणीला पुढं घातलं. का, एवढंच विचारणार होते. चारचौघांत."

"मी आत चटईवर बसले होते, वन्सं. मला कसं कळणार? मला वाटलं, मी तुम्हाला पसंत नाही म्हणून आला नाहीत."

"ते तर आहेच," पेरुसी म्हणाली.

केझियाला हसू आलं. "मग लग्नात माझ्याशेजारी तुम्ही उभ्या राहा. सगळ्यांच्या पुढं, पाळकांसमोर."

"गुडघे दुखतात माझे."

"बरं."

लिलावात केझियाच्या कोंबडीवरून दोघं हमरीतुमरीवर आले होते. पेरुसी तिकडे बघतच म्हणाली, "झगा कुठल्या रंगाचा शिवायचा?"

"तुम्हीच सांगा." केझिया जवळ सरकली. "आणि वन्सं, त्या द्राक्षारसाची चव कशी असते हो?"

"नाही सांगत जा. तीस वर्षं थांबलीस, आता महिनाभर थांब."