जावयाचं हत्यार पाटावर

माझी फजिती ऐकायची आहे ना? मग तो चहा आधी संपवा. मध्येच हसलात तर ठसका लागेल, आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटेल. सध्या आमच्या घरी सगळी खापरं माझ्याच डोक्यावर फुटतात. आणि खरं सांगू? बरोबरच आहे ते!

लेकीच्या, ऋचाच्या, लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले. लेक-जावई पहिल्यांदाच नवरात्रात इकडे हिंदी मुलखात, आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या घरी राहायला आलेले. जावई, म्हणजे निरंजन, गुणी मुलगा हो. पण बोलणं म्हणजे सोनं तोलल्यासारखं! "हो", "चालेल", "नको", संपलं. अशा माणसाची मला भारी धास्ती. बडबड्या माणसाचा राग निदान ऐकू तरी येतो. हा गप्प बसला की रागावलाय, की झोप आलीय, काय समजायचं?

त्याला नाद एकच, व्हिडिओ गेमचा. सणाला येताना एक बॅग कपड्यांची आणि एक त्या गेमच्या डब्याची! नवमीला सकाळी पोहे खाताना तो आपणहून एक अख्खं वाक्य बोलला, "आई, उद्या सोनं वाटून झाल्यावर मित्रांबरोबर माझी मॅच आहे. टीव्ही मिळेल का?"

मी म्हटलं, "अवो टीव्हीच काय, हॉलच्या हॉल घ्या!"

नाश्ता झाला आणि दोघं त्याच्या मावशीकडे जेवायला पुरानी बस्तीत निघाली. जाता जाता ऋचा म्हणाली, "आई, टेबलावर निरंजनचं सामान काढून ठेवलं आहे. आल्यावर बघतो तो."

टेबलावर त्या गेमचा रिमोट होता आणि कानाला लावायचा तो मोठा हेडफोन. हेडफोनला तोंडापाशी येणारी एक काडी.

आता आमच्याकडची खंडेनवमी म्हणजे चेष्टा नाही. ज्याच्या ज्याच्यावर घर चालतं ते सगळं पूजेला. विळी, कातरी, मिक्सर, ह्यांचे पाने-पकडी, सगळे पाटावर. अंगणात स्कूटरला झेंडूचा हार. आणि एकदा हळद-कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. नियम म्हणजे नियम, आणि नियम माझा!

पूजा मांडली आणि मनात आलं, सगळ्यांची हत्यारं पाटावर, आणि जावयाचं एकही नाही? विहीणबाईंना कळलं तर काय म्हणतील? उचललं टेबलावरचं सामान आणि ठेवलं मधोमध, अगदी मानाच्या जागी.

पूजेत मी कधी हात आखडता घेत नाही. ओल्या कुंकवाची पाच बोटं, वर झेंडूचं फूल आणि भरघोस अक्षता. "देवी, पोराला मॅच जिंकू दे," असंही म्हटलं. मग रिमोट जरा वाकडा वाटला म्हणून सरळ करायला गेले.

आतून आवाज आला. खुळखुळ!

रिमोटवरचा एक खुंटा आडवा पडलेला, उभा करावा तर पुन्हा आडवा. घाबरून हेडफोन बघायला घेतला, तर ती काडी सुटून माझ्या हातात! रिमोट उलटा करून हलवला, अक्षतांचे चार दाणे पडले. केसातली पिन घालून बघितली, तर जे बाहेर होते तेही आत गेले. उद्या मॅच! पहिला सण! आता हा मुलगा जन्मभर माझ्याशी बोलणार नाही. तसाही बोलत नाही, पण आता कारणानिशी बोलणार नाही!

ह्यांना हाक मारली. ह्यांनी पेपर बाजूला केला, बघितलं, आणि म्हणाले, "काहून गेली होतीस हात लावाले?"

"ते जाऊ द्या ना! सदर बाजारात चला, अस्साच दुसरा आणू. काढा स्कूटर."

"स्कूटर? पूजा झाली ना तिची? तूच म्हणतेस, उद्यापर्यंत हात लावाचा नाही."

आणि पेपर पुन्हा तोंडासमोर. नियम माझाच!

शेवटी ई-रिक्षात एकटीच बसले. दसऱ्याची गर्दी, रिक्षा जागची हलेना, आणि मी मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेली. मोबाईल आणि गेमचं एक दुकान सापडलं. काउंटरवर पिशवी उलटी केली. दुकानदारानं कुंकवानं माखलेला रिमोट बघितला आणि आधी हात जोडले.

"दीदी, ये कंट्रोलर है कि देवता?"

"भैया, मज़ाक मत करो. बिलकुल ऐसा ही चाहिए. जावई का है."

"कौन से कन्सोल का है?"

"मले काय माहीत? मतलब, मुझे क्या मालूम? काला डब्बा है!"

त्यानं समोर एकेक मांडायला सुरुवात केली. एकावर अक्षरं, दुसऱ्यावर गोल-चौकोन, तिसरा वायरचा. मी वांगी निवडावीत तशी हातात घेऊन, दाबून, वजन करून बघायला लागले. तो म्हणाला, "ये वाला लो, खेलते समय हाथ में काँपता है."

"नको बापा, माझेच हात कापून राहिले!"

शेवटी गोल-चौकोनवाला जुन्यासारखा दिसला, तो बाजूला काढला. मग हेडफोन. कान झाकणारा की कानावर बसणारा? मी म्हटलं, जावयाचे कान दुखायला नकोत, गुबगुबीत द्या. त्यानं तो माझ्याच अंबाड्यावर चढवला आणि काडीत बोलून बघा म्हणाला. मला माझाच आवाज ऐकू येईना, म्हणून मी जीव तोडून ओरडले, "हॅलो! मी ब्राह्मणपाऱ्यातून बोलून राहिली!" अख्खं दुकान वळून बघायला लागलं.

"दीदी, दामादजी खेलते समय बहुत बात करते हैं क्या?"

"कुठले? वो तो बोलते ही नहीं!"

"फिर माइक वाला क्यों ले रहे हो?"

तरी घेतला. किंमत मी ह्यांना आजतागायत सांगितलेली नाही.

घरी येऊन दोन्ही टेबलावर ठेवली आणि नीट बघितली. किती नवी दिसत होती! जुन्याचा रंग कडेनं उडालेला, त्याच्यावर ओरखडे. पोरगा बघताक्षणी ओळखणार! मग काय, तारेची घासणी घेतली. हो हो, हसा! कोरा करकरीत कंट्रोलर मी कढई घासावी तसा घासला. जुनं सामान डाळीच्या डब्यात लपवलं.

चार वाजता दोघं आली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. निरंजन थेट टेबलाकडे गेला. कंट्रोलर उचलला, उलटासुलटा केला.

"आई..."

संपलं, म्हटलं!

"पूजा झाली वाटतं. हे ठेवायचं राहिलं."

आणि मला काही कळायच्या आत तो पाटाजवळ बसला, दोन्ही वस्तू पाटावर ठेवल्या, कुंकू लावलं आणि मूठभर अक्षता उचलल्या. मी तिथूनच किंचाळले, "अवो जावईबुवा, अक्षता नका टाकू! नवीन हाय ते!"

त्याची मूठ हवेतच राहिली. माझा बांध फुटला. रडत रडत सगळं सांगून टाकलं, खुळखुळ, पिन, सदर बाजार, घासणी. डाळीच्या डब्यातून जुनं सामान काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "तुमच्या मॅचची वाट लावली मी. रागवा, पण काहीतरी बोला!"

ऋचा हसता हसता खालीच बसली. "आई, वो तो पहले से ही खराब है! कधीचा बंद पडलाय. काडी पण तुटलेलीच होती, नुसती अडकवून ठेवली होती. पूजेसाठीच आणलं ते. खेळायचं चांगलं सामान त्याच्या बॅगेत आहे, कुलपात!"

मी डोळे पुसले, आणि मग मला आला राग. खोटं कशाला सांगू? "बंद पडलेली वस्तू देवीपुढे? शोभते का व हे? काहून केलं असं?"

ऋचानं निरंजनकडे बघितलं. आणि तो सोनं तोलून बोलणारा मुलगा, माझ्या आग्रहाखातर, पहिल्यांदाच भडाभडा बोलला.

"आई, रागावू नका, पण ऋचानं मला लग्न ठरायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. तिचा लॅपटॉप, बाबांचा मोबाईल आणि शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर कसा गेला ते. ती म्हणाली, माझी आई फार प्रेमळ आहे, तुला काहीच त्रास होणार नाही. फक्त नवमीच्या दिवशी चालू वस्तू तिच्या हाती लागू देऊ नकोस."